सहाशे शब्द, मनापासून

“आस्क काय आहे तुझा?” असं तो सख्ख्या बहिणीला म्हणून गेला, आणि आपण काय म्हणालो हे त्याला म्हणून झाल्यावर ऐकू आलं. सकाळचे सव्वाअकरा. ऑफिसातल्या काचेच्या खोलीत तो उभा होता, कानाशी फोन, समोर उघडा लॅपटॉप, आणि फोनमध्ये ताई गेली सात मिनिटं बोलत होती. कुंडीतली वेल गजांवरून शेजाऱ्यांकडे गेली, तर शेजारी म्हणतात फुलं आमची. भावजींचा गुडघा. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कुत्रा आणलाय, तो भुंकत नाही, रडतो. रक्त तपासायच्या ज्या लॅबमध्ये ती अठ्ठावीस वर्षं काउंटरवर बसली, ती बंद होऊन आठ महिने झाले आणि आता पाटीही उतरवली. भिंतीवर पाटीच्या मापाचा पांढरा चौकोन उरलाय, बघवत नाही. मग पुन्हा गुडघा. तो हं, हं करत समोरच्या पडद्यावर कॅप्टनचा मेल वाचत होता. कॅप्टन म्हणजे त्याचा संचालक. माणूस जन्मात कधी होडीत बसला नव्हता, पण ऑफिसला जहाज म्हणायचा, म्हणून कॅप्टन. मेल असा की, आपल्या वेबसाइटवर ‘इथे काम करण्याचे फायदे’ असं पान हवंय. तू सगळ्यांत जुना. तूच लिही. सहाशे शब्द, मनापासून, पाचपर्यंत. ‘मनापासून’खाली रेघ होती. पाचपर्यंत मनापासून कसं लिहितात, याचा विचार करत असतानाच त्याच्या तोंडून ते निघून गेलं.



“काय म्हणालास? आस?”

“आस नाही गं, आस्क. म्हणजे... तुला नेमकं काय हवंय?”

“मला?” ताई म्हणाली. “काही नाही रे धाकट्या. सहज केला होता. तू कामात असशील. ठेवते.”

आणि ठेवलाच. फोन ताईने करायचा आणि ठेवायचा त्याने, अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती. आज ती मोडली. तो काचेत स्वतःकडे बघत उभा राहिला. काचेवर कुणीतरी मार्करने गोल काढून त्यात ‘ग्राहक’ लिहिलं होतं, तो गोल नेमका त्याच्या चेहऱ्यावर आला होता.

आता हा आस्क काय प्रकार आहे, तर तो त्याच्या पोटापाण्याचा प्रकार आहे. तो अ‍ॅक्सिलरेटरमध्ये काम करतो. ताईला हे एकदा समजावून सांगताना त्याने ‘कंपन्यांची बालवाडी’ असं म्हटलं होतं आणि तिला ते लगेच कळलं होतं. नवनव्या कंपन्या काढलेली दहा-बारा टोळकी येतात, त्यांना बारा आठवडे बसायला जागा, शिकवायला अनुभवी माणसं, आणि शेवटच्या दिवशी पैसेवाल्यांसमोर उभं राहायला तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटांत आपण कोण, जगाला काय दुखतंय, त्यावर आपलं औषध काय, आणि पडद्यावरच्या शेवटच्या पाटीवर आस्क: आम्हाला तुमच्याकडून नेमकं काय हवं. ही शेवटची पाटीच लोक विसरतात. बोलत सुटतात. म्हणून तो हॉलच्या मागच्या भिंतीशी उरलेल्या मिनिटांचे पुठ्ठे घेऊन उभा असतो. तीन, दोन, एक, आणि चौथा पुठ्ठा: ‘आस्क?’ सहा वर्षं तो हे पुठ्ठे धरतोय. बाकी कामंही आहेत, वेळापत्रक, जागा, रुसवेफुगवे, प्रोजेक्टर. त्याच्या हुद्द्यात ‘व्यवस्थापक’ हा शब्द आहे. पण सगळे त्याला घड्याळ म्हणतात. घड्याळ आला. घड्याळाला विचार. आणि सहा वर्षांत असं झालंय की, समोरचा माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच याच्या डोक्यात मागची भिंत उभी राहते. दूधवाला, दंतवैद्य, कुणीही असो. दंतवैद्य म्हणतो, तुमच्या या दाढेचं काय आहे ना, आणि हा मनात म्हणतो, बाबा रे, घोडं कुठे पेंड खातंय ते सांग.

पण ताई? ताईवर पुठ्ठा?

तो बसला. नवं पान उघडलं.

फायदा १. इथे तुम्ही लोकांचं ऐकायला शिकता.

त्याने ते वाचलं आणि खोडलं. खोडलं म्हणजे त्यावर रेघ मारली, पुसलं नाही.

फायदा १. इथे तुम्ही मागायला शिकता.

हे खरं होतं. हे तर इतकं खरं होतं की, हात थांबला. कारण त्यांच्या घरात मागायचं नाही हा कायदा होता. कुणी केला माहीत नाही, पण सगळे पाळत. वडिलांना चहा हवा असला की ते म्हणत, “आज हवेत गारवा आहे, नाही?” आणि भर उन्हाळ्यात आई उठून आधण ठेवी. आईला माहेरी जायचं असलं की, ती माळ्यावरची ट्रंक काढून पुसायला घेई. दोन दिवस पुसे, तिसऱ्या दिवशी वडील म्हणत, जाऊन ये हवं तर. त्याला स्वतःला सायकल हवी होती तेव्हा तो महिनाभर लंगडत चालला होता. आख्खं घर ताकाला जाऊन भांडं लपवणारं. पुढे पुढे तर ताक बाजूलाच राहिलं, भांडी लपवण्यातच सगळे पटाईत झाले. या घरातून तो इथे आला आणि पहिल्याच आठवड्यात कॅप्टनने सगळ्यांसमोर त्याला विचारलं, “छान बोललास, पण हवंय काय तुला?” तेव्हा त्याचे कान तापले होते. लाज वाटली होती आणि, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखंही वाटलं होतं. असं विचारता येतं? असं सांगता येतं? त्या संध्याकाळी घरी जाऊन तो बायकोला म्हणाला होता, मला चहा हवाय. बायको म्हणाली, मग कर. तीही सुटकाच होती एका परीने.

पण ताई त्या घरात राहिली. म्हणजे लग्न होऊन गेली, तरी त्या घरातच राहिली. आणि तिने ‘सहज’ म्हटलं होतं.

सहज हा त्यांच्या घरातला सगळ्यांत जड शब्द. वडील एकदा सहज दवाखान्यात गेले ते दोन महिन्यांनी बाहेर आले. आईने सहज म्हणून मावशीला बोलावून घेतलं, तर आल्या आल्या दोघी दार लावून रडत बसल्या. आणि ताई. तो एकोणीस वर्षांचा, परगावी होस्टेलवर, दुसऱ्या दिवशी परीक्षा. आणि फाटकातून ताई आत येताना दिसली. पाच तास बसने आली होती. का गं? सहज. दोघं झाडाखालच्या बाकावर बसले. तिने विचारलं, जेवण नीट मिळतं का, खोलीत ऊन येतं का, हे झाड कसलं. झाड कसलं हे त्याला माहीत नव्हतं. तो मांडीवर वही उघडून बसला होता आणि मधून मधून तिच्याकडे बघून हसत होता, म्हणजे आपण ऐकतोय असं तिला वाटावं. चारच्या बसने ती परत गेली. महिन्याने आई बोलता बोलता म्हणाली की, लॅबमध्ये रक्ताचे नमुने लावणारा एक मुलगा ताईच्या मनात होता, वडील नको म्हणाले, “आणि तुझं ते ऐकतात, म्हणून ती तुझ्याकडे आली होती ना? नाही बोलली?” नाही बोलली. एक वाक्य घेऊन ती पाच तास बसने आली आणि ते वाक्य तसंच्या तसं घेऊन पाच तास परत गेली. पुढे भावजी आले, भावजी देवमाणूस, सगळं छान झालं, त्याबद्दल वाद नाही. पण ते वाक्य? ते तिने कुठल्या स्टॉपवर उतरवलं?

आणि आज तिने फोन केला, सात मिनिटं वेल, गुडघा, कुत्रा, पाटी असा वळसा घालत ती त्याच वाक्याकडे चालली होती कदाचित, आणि याने पुठ्ठा वर केला.

त्याने फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच.

फायदा २. ओळखी. इथे तुमच्या इतक्या ओळखी होतात की

की काय? त्याच्या फोनमध्ये चार हजारांवर माणसं होती. ड्रोनवाला, ड्रोनवाल्याशी भांडून निघालेला त्याचा भागीदार, हरवलेले मोजे जुळवून देणारं अ‍ॅप काढलेल्या दोन मैत्रिणी, एक माजी मंत्री, समुद्राचं पाणी गोड करणारा आणि ते गोड का करू नये हे सांगणारा. कुठल्याही देशातल्या कुठल्याही बँकेत कुणाला तरी तो ‘हाय’ म्हणू शकत होता. बारा आठवडे ही माणसं त्याच्या खांद्यावर हात टाकून फिरत, रडत, त्याला आपल्या बायकोशी फोनवर बोलायला लावत. तेराव्या आठवड्यात फक्त बातमीपत्र येई, आम्ही नव्या ऑफिसात गेलो, केक कापला, फोटो सोबत. त्याने त्यांच्यावर राग धरला नव्हता. स्टेशनने गाड्यांवर राग धरून कसं चालेल. पण चार हजारांत असा एक माणूस नव्हता ज्याला फोन करून सांगावं की, माझी बहीण सहज म्हणाली, मला भीती वाटतेय.

फायदा २. इथे आपली माणसं सोडून सगळ्यांशी ओळख होते.

दारावर टकटक. मजकूरवाली. ऑफिसचं सगळं लिखाण हिच्या हातून जातं. हातात कायम गाजर.

“झालं?”

“दोन झाले.”

“दाखव.” तिने मान वाकडी करून वाचलं. चावणं थांबलं. “तू बरा आहेस ना?”

“का?”

“अरे, फायदे मागितलेत. कबुलीजबाब नाही. साधं लिही ना! तरुण वातावरण, रोज नवं शिकायला मिळतं, मोकळी संस्कृती, करिअरला वेग.”

“कुठल्या दिशेला?”

“काय?”

“वेग. कुठल्या दिशेला?”

“तुला ना, चहाची गरज आहे,” ती म्हणाली. “आणि हे खोडलेलं पुसून टाक, खोडलेलं ठेवू नकोस. चुकून तसंच जायचं.”

ती गेली. वेग. करिअर. त्याने सहा वर्षांचा हिशोब मनात मांडून बघितला आणि वैतागला, कारण हिशोब चांगला येत होता. तो खरोखरच शिकला होता. भाड्याच्या करारापासून भांडण सोडवण्यापर्यंत सगळं. एखादी कंपनी बुडणार हे तिसऱ्या आठवड्यात त्याच्या नाकाला कळे. संस्थापक जेवायला वेगवेगळे जायला लागले की समजावं. शंभर माणसांसमोर बोलताना त्याचा आवाज फाटत नसे. इथून बाहेर पडलेली माणसं मोठमोठ्या ठिकाणी गेली होती, त्याच्या हाताखाली दोन वर्षं काढलेली एकजण तर आता कॅप्टनलाच भेटायची वेळ देत नसे. हे सगळं खरं, आणि लिहिलं की खोटं. तोच शब्द, तोच अर्थ, कागदावर उतरला की जाहिरात होऊन हसायला लागायचा. आणि त्याला कळेना की, आपण चिडलोय ते पानावर, कॅप्टनवर, की स्वतःच्या त्या चार शब्दांवर.

शेवटी त्याने भावजींना फोन लावला. भावजी जमिनी मोजायच्या खात्यातून निवृत्त. पहिल्याच घंटेला उचलतात.

“भावजी, ताई आहे का?”

“आहे की. आत आहे.”

“फोन उचलत नाहीये.”

“इस्त्री करतेय ना. सकाळपासून एकच ड्रेस, तिसऱ्यांदा. आता कापडालाच पाझर फुटेल.”

“कुठे जायचंय का तिला?”

“मला कोण सांगतं! साडेचारला कुठेतरी जायचंय, हे घड्याळाकडे बघण्यावरून कळतं. कागदांची पिशवी काढलीय. रिपोर्टबिपोर्ट असतील.”

“कसले रिपोर्ट?”

“मी विचारलं नाही.”

“का नाही विचारलं?” तो जवळजवळ ओरडला.

“तुमच्या घरची रीत,” भावजी शांतपणे म्हणाले. “लग्नात मला समजावून सांगितली होती.”

त्याने लॅपटॉप मिटला. रक्ताच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईला स्वतःचे रिपोर्ट वाचायला डॉक्टर लागत नाही. ती वाचते, घडी घालते, इस्त्री करते, आणि भावाला फोन करून कुत्र्याबद्दल बोलते. तो बाहेर आला तर मधल्या मोकळ्या जागेत कॅप्टन उभ्याने मीटिंग घेत होता. बसून घेतलेल्या मीटिंगा लांबतात म्हणून इथे सगळं उभ्याने चालतं.

“मी घरी चाललोय. बहिणीकडे.”

“अरे बापरे. सीरियस?”

“माहीत नाही.”

“जा, जा. फॅमिली फर्स्ट. ते मी कायमच म्हणतो.” कॅप्टनने त्याच्या दंडाला धरून चार पावलं बाजूला नेलं आणि आवाज खाली आणला. “पान?”

“अर्धं झालंय.”

“सुंदर. हे बघ, त्यात हेपण टाक ना. की इथे असं मध्येच घरी जाता येतं. ह्यूमन टच. पाचपर्यंत मात्र दे.”

बसमध्ये त्याने फोनवर पान उघडलं, ‘इथे असं मध्येच घरी जाता येतं’ हे खरोखरच टाईप केलं, आणि मग खोडलेलं, न खोडलेलं, अर्धवट, सगळं होतं तसं कॅप्टनला आणि मजकूरवालीला पाठवून दिलं. दोन स्टॉप गेल्यावर मजकूरवालीचं उत्तर आलं: ‘वाचलं. “आपली माणसं सोडून” काढलं तर ओळखींचं वाक्य मस्त आहे.’ तो खिडकीबाहेर बघत बसला. सगळी दुकानं उघडी होती. लोक वजनं करून घेत होते, किल्ल्या बनवून घेत होते, एकजण फुटपाथवर उभा राहून मोठ्याने कुणाला तरी सांगत होता की, नाही, नाही, तसं काही नाही. या सगळ्या माणसांना काय हवंय ते त्यांच्या हातात दिसत होतं. ताईच्या हातात त्याला काय दिसलं होतं आजवर? होस्टेलच्या बाकावर तिच्या हातात काय होतं? पिशवी? रुमाल? आठवेना. झाडाची पानं आठवत होती, वहीतलं समीकरण आठवत होतं.

दार भावजींनी उघडलं आणि काही न विचारता गुडघा धरून बाजूला झाले. ताई आतल्या खोलीत, इस्त्री उभी करून ठेवलेली, खोलीत गरम कापडाचा वास.

“तू? कामाच्या दिवशी? कुणी गेलं का?”

“रिपोर्ट दाखव.”

“कसले?”

“ताई, पुरे. पिशवीत काय आहे?”

टेबलावरची पिशवी त्याने स्वतःच उपडी केली. तिचं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र, लॅबचं नेमणूकपत्र, पिवळं पडलेलं, टायपिंगच्या परीक्षेचा दाखला, आणि एका पाकिटात तिचे तीन नवे फोटो, ज्यांत ती केस नीट विंचरून, कुणीतरी दरडावल्यासारखी समोर बघत होती. तो खुर्चीत बसला. आणि लगेच त्याला चीड आली.

“म्हणजे तू आजारी नाहीस?”

“मी कशाला आजारी असू?” ताईने कागद गोळा केले, कोपऱ्याला कोपरा जुळवून. “साडेचारला बोलावलंय. कामासाठी. लॅबच्याच जागेत.”

“लॅब तर बंद झाली.”

“नवे लोक आलेत. गेल्या आठवड्यात मी तिथून जात होते, तर आत पाच-सहा जण अंधारात उभे. मेन स्विच सापडत नव्हता. तो जिन्याखाली कपाटामागे आहे, कुणाच्या बापाला सापडणार? मी लावून दिला. मग पाण्याचा कॉक दाखवला. मग ती मुलगी म्हणाली, मॅडम, तुम्ही हल्ली काय करता? म्हटलं, काही नाही. तर म्हणे, मग आमच्याकडे या ना.” ताईने त्याच्याकडे बघितलं. “तुझंच ते. बालवाडी.”

“अ‍ॅक्सिलरेटर?”

“तेच. पाटी लागायचीय अजून.”

भावजी दारात येऊन उभे होते. “मला वाटलं रिपोर्ट,” ते म्हणाले. “अभिनंदन का काय म्हणायचं?” आणि उत्तराची वाट न बघता आत पाणी आणायला गेले.

“मग सांग ना,” ताई म्हणाली. “तू सहा वर्षं आहेस. काय फायदा असतो रे तिथे काम करण्याचा?”

हे झालं. त्याला हसूही येईना. दिवसभर ज्याच्याशी झटापट केली तो प्रश्न इथे इस्त्रीच्या टेबलापलीकडून, खऱ्या माणसाच्या तोंडून आला होता आणि त्याच्या जिभेवर काय यावं? “रोज नवं शिकायला मिळतं,” तो म्हणाला. “ओळखी होतात. मोकळं वातावरण असतं. करिअरला...”

“हे तू वाचून दाखवतोयस.”

“बरं, मग ऐक.” आणि तो सुटला. म्हणाला, नको जाऊस. म्हणाला, तिथे सगळे हसतात, पण हसण्याला वेळ ठरलेली असते. तुला वीज, पाणी, चाव्या, रडणारे, भांडणारे सगळे सांभाळायला लावतील आणि मग ती मोठी होऊन निघून जातील आणि तू पुढच्यांसाठी तेच स्विच दाखवत राहशील. कुणी नीट बोलणार नाही तुझ्याशी, ताई, सगळे मुद्द्याचं बोलतात. आणि हळूहळू तूही मुद्द्याचं बोलायला लागतेस. बायको काही सांगायला लागली की तू मनात मिनिटं मोजतेस, म्हणजे मी मोजतो. मी सकाळी तुला काय म्हणालो ऐकलंस ना? ते मी नाही म्हणालो. ते त्या नोकरीने म्हटलं. हा फायदा. हा एकच. घे.

ताईने ऐकून घेतलं. काउंटरवर उपाशीपोटी आलेल्या, चिडलेल्या लोकांचं ती असंच ऐकत असणार.

“लागलं मला ते,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू. फोन ठेवला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मला आधी ‘आस’ ऐकू आलं ना, म्हटलं, हा सकाळी सकाळी माझी आस कसली विचारतोय. मग तू म्हणालास, नेमकं काय हवंय. मग मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांना विचारत आले. उपाशी आहात का. हात कुठला देता. भीती वाटते का. मला कुणी विचारलंच नव्हतं रे. त्यांनी नाही,” तिने स्वयंपाकघराकडे मान केली, “आईने नाही, बाबांनी तर नाहीच. तू विचारलंस आणि मला उत्तर येईना. बारा वाजेपर्यंत येईना.”

“मग?”

“मग आलं.” तिने ड्रेसची बाही उगाच सरळ केली. “एकदा तुझ्याकडे बसने आले होते आणि न बोलता परत गेले. आठवतं तुला?”

“आठवतं.”

“ते झाड कसलं होतं, ते अजून मला कळलेलं नाही. ते जाऊ दे. या वेळी बोलते. मला तिथे जायचंय. लोक कसेही असोत. मला सकाळी तयार होऊन कुठेतरी जायचंय आणि कुणीतरी माझी वाट बघायला हवीय. आणि तू नको म्हणू नयेस, हे हवंय.”

एवढं बोलून ती लाल झाली. एकावन्न वर्षांची बाई, कानाच्या पाळीपर्यंत लाल. त्याला तिच्याकडे बघवेना, म्हणून त्याने इस्त्रीकडे बघितलं. त्यांच्या घरात कुणीतरी पहिल्यांदा भांडं वर धरलं होतं, आणि नेमकं नको तिथलं ताक मागत होतं. तिला सांगायला हवं होतं की, बाई, तुझी वाट बघतील ती वीज गेल्यावर. तिला हेही सांगायला हवं होतं की, मी तुला कायम फोन करीन, रोज, पंधरा मिनिटं, अर्धा तास, त्यापेक्षा. पण ते तिने मागितलं नव्हतं. जे मागितलं नाही ते गळ्यात घालणं ही त्यांच्या घरची दुसरी खोड, आणि तीही आज आपणच मोडायची आहे, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला कंटाळा आला, एकाच दिवशी किती मोडायचं.

“जा,” तो म्हणाला. “जा तू, ताई.”

“तू येतोस सोडायला?” ती म्हणाली, आणि दुसऱ्यांदा मागितल्यामुळे स्वतःच दचकली.

सव्वाचारला ते लॅबच्या समोरच्या फुटपाथवर उभे होते. पांढरा चौकोन खरंच होता, आणि खरंच बघवत नव्हता. त्याचा खिसा दोनदा थरथरला. त्याने फोन काढला नाही. ताईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“आणि ते शेवटी विचारतात ना, तुमचे काही प्रश्न आहेत का? यांच्या भाचीने सांगितलंय, विचारतातच. तेव्हा काय विचारू?”

“विचार, आजवर इथून कोण कोण सोडून गेलं आणि का.”

“अरे, तेच अजून आले नाहीत, सोडून कोण जाणार! आणि असं तोंडावर विचारतात का?”

“मग तू काय विचारशील?”

ताईने विचार केला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्यात उलटी रचलेली टेबलं होती.

“माझी बसायची जागा कुठली, ते विचारीन,” ती म्हणाली. “ते एकदा ठरलं की, मग मला बाकी सगळं जमतं.”

त्याच्या ओठांवर आलं होतं. या लोकांत जागा नसते ताई, कुणालाच नसते. सकाळी येऊन जी रिकामी दिसेल तिथे बसायचं, संध्याकाळी आपलं सामान उचलून कप्प्यात ठेवायचं, मी सहा वर्षं कप्पा वापरतोय, एकशेचौदा नंबरचा. मुळात ती कल्पनाच आहे त्यांची, की माणूस एका जागी रुतू नये.

“हेच विचार,” तो म्हणाला. “पहिलं हेच विचार. आणि उत्तर मिळेपर्यंत उभी राहा.”

“उभी राहू?”

“हो. हलायचं नाही.”

तिने मान डोलावली, जणू तो तिला सुई कुठल्या शिरेत घालायची ते सांगत होता, आणि रस्ता ओलांडला. दाराशी एक मुलगी आणि दोन मुलगे, गळ्यात कोऱ्या पट्ट्या घालून, दाराशी झोंबत होते. एकजण ओढत होता, एकजण ढकलत होता, मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती की, दार बदलावंच लागेल. ताई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. काहीतरी बोलली. ती तिघं बाजूला झाली. ताईने पिशवी काखेत मारली, दोन्ही हातांनी मूठ धरली, दार बोटभर वर उचललं आणि कमरेचा एक धक्का दिला.